कांदोळीचा पाद्री आणि देवळ्याची फुई

चैत्र लागला की आमच्या देवळ्याचा रस्ता माणसांनी फुलून जातो. मालेगावकडून येणारी वाट देवळ्यावरून कळवण, नांदुरी करीत सप्तशृंगीच्या गडाला जाते, आणि रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत त्या वाटेवर खानदेशातल्या यात्रेकरूंची रीघ लागते. खांद्यावर झेंडे, डोक्यावर ओले फडके, पायांना फोड आणि मुखी आईचे नाव. कांदा काढणीचे ते दिवस. पण आम्ही पोरे शेतातले काम टाकून पाण्याचे हंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहत असू. डफाचा आवाज लांबून कानांवर आला की आमचा एक डोळा रस्त्याकडे आणि दुसरा घराकडे असे. कारण त्या आवाजासरशी आमच्या फुईच्या अंगात येई.

आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. ही माझी थोरली फुई. ऐन तारुण्यात कपाळ पांढरे होऊन माहेरी आलेली, आणि मग जन्मभर चुलीपाशी बसून वीस माणसांच्या भाकरी थापीत राहिलेली. घरात तिचा आवाज असा कधी ऐकू येत नसे. पण चैत्रात डफ वाजू लागले की तिच्या हातातली भाकर परातीतच राही. अंगाला आधी बारीक कंप सुटे, मग केस मोकळे होत, डोळे अर्धवट मिटत, आणि जी बाई एरवी भावांसमोर मान वर करीत नसे ती त्यांना एकेरीने हाका मारून पुढे बोलावी. घटकाभराने सारे ओसरे. ती पाणी मागे, केस बांधी, आणि 'काय झालं होतं?' असे विचारून पुन्हा भाकरीला लागे.

या प्रकारावर आमच्या घरात दोन पक्ष होते. आजी नि आजूबाजूच्या बाया तिच्या पाया पडत. काका नि काक्या आपसांत 'नाटक आहे सारे' म्हणत. मी तेरा वर्षांचा होतो, साल १९६४. कुठल्याशा मासिकात मी वाचले होते की खरीखुरी समाधी लागली असेल तर अंगाला वेदना कळत नाही. तेव्हा निकाल लावायचा तर सोपा मार्ग होता. त्या चैत्रात फुई अंगणात घुमत असताना मी गर्दीतून पुढे सरकलो आणि मुठीत धरलेला बाभळीचा काटा तिच्या डाव्या हाताच्या पाठीत खुपसला. रक्ताचा थेंब वर आला. फुईचा हात तसूभर हलला नाही. ती घुमतच राहिली.

मी विजयी मुद्रेने सगळ्यांना सांगत सुटलो, "फुई खरी आहे! मी पाहिलं!" एका पोराच्या काट्याने घरातला वाद मिटला खरा, पण फुईच्या मागे मात्र नवेच लचांड लागले. मंगळवारी नि शुक्रवारी बाया अंगणात येऊन बसू लागल्या. कोणाला पोर हवे होते, कोणाचा बैल हरवला होता. फुईला 'नाही' म्हणता येईना. मग तिचे असे सारखे होणे बरे नव्हे म्हणून घरच्यांनी तिला एका भगताकडे नेले. त्याने 'हे दैवत नव्हे, बाहेरचे आहे' असे सांगून तिला मिरच्यांची धुरी दिली. पुढे तिला शहरातल्या एका डॉक्टरकडे नेले; त्यांनी दोन मिनिटे तपासून 'हिस्टेरिया' असा शेरा मारला नि सुई टोचली. दैवत, ढोंग, भूत आणि रोग अशी चार नावे तिला मिळाली. तिला स्वतःला कोणी काही विचारले नाही. मीही नाही.

त्या काट्याची आठवण मला आयुष्यभर राहिली. पुढे शहरात नोकरीला गेल्यावर, ग्रंथालयांची सोय झाल्यावर, या गोष्टीचा माग काढण्याचा मला छंदच जडला. हा माग काढता काढता मी देवळ्याहून निघून पॅरिसला पोहोचलो, अर्थात पुस्तकांतून. आणि गंमत अशी की पॅरिसात मला भेटला तो आपल्या शेजारचाच माणूस, गोव्याच्या बार्देशातला एक पाद्री.

त्याची गोष्ट सांगण्याआधी त्याच्यापूर्वीचा थोडा वृत्तांत सांगितला पाहिजे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नाचा फ्रान्झ अँटोन मेस्मर नावाचा डॉक्टर पॅरिसमध्ये येऊन राहिला. विश्वात एक सूक्ष्म द्रव भरून राहिला आहे, त्याचा तोल बिघडला की माणूस आजारी पडतो, आणि आपल्या हातांतून तो द्रव रोग्याच्या अंगात सोडता येतो, असे त्याचे म्हणणे. या द्रवाला त्याने 'प्राणिज चुंबकत्व' असे नाव दिले. त्याच्या दिवाणखान्यात रोगी एका मोठ्या लाकडी टबाभोवती बसत, आणि एकाला झटके येऊ लागले की पाठोपाठ दुसऱ्याला, तिसऱ्याला येत. आपल्या देवळांतून एकीच्या अंगात आले की शेजारचीही डोलू लागते, तसेच ते होते.

१७८४ साली फ्रान्सच्या राजाने या प्रकाराची चौकशी करायला एक समिती नेमली. विजेचा अभ्यास करणारा अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्राचा जनक लाव्हाझिए हे तिच्यात होते. फ्रँकलिनच्या बागेत त्यांनी एक साधा प्रयोग केला. मेस्मरच्या शिष्याने जर्दाळूचे एक झाड 'भारून' ठेवले. मग एका बारा वर्षांच्या मुलाचे डोळे बांधून त्याला बागेत आणले आणि न भारलेल्याच झाडांपाशी एकामागून एक नेले. प्रत्येक झाडाशी त्याची अस्वस्थता वाढत गेली, आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध होऊन पडला. भारलेले झाड दूरच राहिले! समितीने निर्णय दिला की द्रव वगैरे काही नाही. जे घडते ते कल्पनेने घडते. निर्णय अगदी बरोबर होता. मात्र कल्पनेने एक धडधाकट मुलगा बेशुद्ध कसा पडतो, हा खरा प्रश्न त्या पंडितांनी तिथेच सोडून दिला. त्याच वर्षी पुइसेग्यूर नावाच्या सरदाराच्या हातून एक तरुण शेतकरी झटके न येता शांत झोपी गेला आणि त्या झोपेतच शहाण्यासारखा बोलू लागला. तेव्हापासून झटक्यांचे महत्त्व कमी झाले नि या बोलत्या झोपेचे वाढले.

आता आपला पाद्री. जुझे कुश्तोदियु फारिया याचा जन्म १७५६ साली बार्देशातल्या कांदोळी गावी, आजोळी झाला. घराणे मूळचे सारस्वत ब्राह्मण, अनंत शेणवी नावाच्या पूर्वजाच्या वेळी बाटलेले. आईबापांचे पटेना, तेव्हा धर्मपीठाच्या परवानगीने दोघे विभक्त झाली. आई जोगीण होऊन मठात गेली आणि बाप पाद्री झाला. १७७१ साली पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन बाप जहाजाने लिस्बनला निघाला. तिथून मुलाला रोमला धाडले. १७८० साली तो धर्मोपदेशक झाला.

त्याच्याविषयी गोव्यात एक दंतकथा घरोघर सांगतात. लिस्बनला पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करायला तो व्यासपीठावर चढला. समोर राजघराणे नि सारा दरबार पाहून त्याची बोबडी वळली. तेव्हा खाली बसलेल्या बापाने कोकणीत हळूच म्हटले, 'ही सगळी भाजी रे, कातर भाजी!' समोर बसलेली सारी भाजीच आहे, चिरीत सुट. त्या एका शब्दासरशी पोराची भीती पळाली नि वाणी मोकळी झाली. गोष्ट खरी असो वा रचलेली. पण पुढे ज्याने शब्दाच्या सामर्थ्याचे शास्त्र मांडले त्याच्या नावाशी लोकांनी नेमकी हीच गोष्ट जोडावी, यात औचित्य आहे खरे.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट उघडकीस आला आणि फारिया बापलेकांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी मुलगा पॅरिसला निघून गेला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो तिथेच होता. १७९५ च्या एका उठावात तर त्याने एका तुकडीचे पुढारपण केले. १८११ साली तो मार्सेयला तत्त्वज्ञान शिकवीत होता. आणि १८१३ साली त्याने पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर एका दिवाणखान्यात जाहीर व्याख्याने सुरू केली. प्रवेशमूल्य पाच फ्रँक. पन्नाशी ओलांडलेला, सावळ्या वर्णाचा, उंचापुरा पाद्री मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोले, नि पॅरिसच्या बड्या घरच्या बायका गर्दी करीत.

त्याची रीत अगदी साधी होती. टब नाही, लोखंडी कांबी नाहीत, हातवारे नाहीत. माणसाला खुर्चीत आरामात बसवायचे, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचे, आणि मग मोठ्याने एकच शब्द उच्चारायचा: 'झोपा!' काही जण खरोखरच त्या क्षणी झोपत. काही जण नुसतेच बसून राहत. त्यांना तो नम्रपणे 'आपल्याला हे साधणार नाही' म्हणून सांगे. मग तो श्रोत्यांकडे वळून जे सांगे ते त्या काळी कोणीच सांगत नव्हते. मी यांना झोपवले नाही, ही झोपली आहेत. माझ्यात कसलीही शक्ती नाही. कारण झोपवणाऱ्यात नसून झोपणाऱ्यात आहे. या अवस्थेला त्याने 'जागृत निद्रा' अशा अर्थाचे नाव दिले, आणि ती ज्यांना लागते ती माणसे वेडी नव्हेत, ढोंगी नव्हेत, ती निसर्गतःच तशी घडलेली असतात, असे प्रतिपादले.

म्हणजे आमच्या घरात जो वाद चालला होता त्याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच एका गोवेकराने देऊन ठेवले होते.

फारियाचे सगळेच बरोबर होते असे मात्र नाही. काही माणसे लवकर का झोपतात याचे कारण त्याने त्यांचे रक्त पातळ असते असे दिले, ते सपशेल चूक. बढाईचाही त्याला थोडा सोस असावा. शातोब्रियाँने आपल्या आठवणींत लिहिले आहे की एका मेजवानीत फारियाने आपण चुंबकत्वाने पाखरू मारू शकतो अशी शेखी मिरवली, आणि त्या इवल्या पाखरानेच त्याला हार खायला लावली. १८१६ साली पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टर उडवणारे प्रहसन आले नि श्रोते पांगले. धर्मपीठाने सैतानी विद्या म्हणून नाक मुरडले, विद्वानांनी भोंदू म्हणून. १८१९ साली त्याचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो झटक्याने वारला. पुढे अलेक्सांद्र द्यूमाने 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या कादंबरीत त्याचे नाव एका कैदी पाद्र्याला दिले. आज जगात पुष्कळ लोक त्याला ओळखतात ते या कल्पित कैद्यामुळे.

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला तो पुतळा १९४५ साली उभा राहिला. उग्र मुद्रेचा, पायघोळ झग्यातला फारिया दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि त्या हातांखाली एक स्त्री मागे कोसळते आहे. शिल्प मोठे जोरकस आहे, पाहतच राहावे असे. पण मी त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला हसू आले नि वाईटही वाटले. ज्याने जन्मभर 'माझ्या हातांत काही नाही' म्हणून सांगितले, त्याच्या पुतळ्यात सारी शक्ती हातांतच दिसते! आपल्या मनाची ओढच अशी आहे. घुमणाऱ्या बाईकडे पाहताना आपल्याला तिच्या मागे कोणीतरी उभे असलेले दिसते. देवी म्हणा, भूत म्हणा, नाहीतर मांत्रिक म्हणा. खुद्द बाईकडे लक्ष जात नाही.

फारिया विस्मरणात गेला, पण त्याचे बी रुजले. १८४५ साली बंगालात हुगळी येथे जेम्स एस्डेल नावाच्या इंग्रज सरकारच्या डॉक्टरने कैद्यांना नि शेतकऱ्यांना मेस्मरच्या रीतीने निजवून त्यांच्यावर मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या; पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्यासाठी खास इस्पितळही निघाले. पण १८४७ साली क्लोरोफॉर्म आले नि ही खटपट मागे पडली. माझ्या काट्याला फुईचा हात हलला नाही यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. हुगळीचे कैदी सुरीलाही हलले नव्हते. इकडे मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने १८४३ साली ग्रीकांच्या निद्रादेवावरून 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ केले. आणि फारियाची व्याख्याने ऐकलेल्या नॉइझे नावाच्या सैनिकी अधिकाऱ्याच्या लिखाणातून त्याचा विचार फ्रान्समधल्या नान्सी गावच्या लिएबो नि बेर्नहाइम या डॉक्टरांपर्यंत पोहोचला.

इथे एक मोठा तंटा उभा राहिला, नि आपल्या विषयाची खरी गाठ इथेच आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळातला जगप्रसिद्ध डॉक्टर शार्को म्हणे की संमोहन हे हिस्टेरियाचे लक्षण; ज्याला ते लागते तो रोगीच. बेर्नहाइम म्हणे, छे, ते सूचनेने घडते आणि धडधाकट माणसांतही घडते. १८८९ साली शार्कोच्या पठडीतल्या पिएर जानेने एक नवी कल्पना मांडली. त्याने पाहिले की एखादी रोगी बाई त्याच्याशी बोलण्यात गुंतलेली असे, आणि त्याच वेळी तिचा हात कागदावर भलतेच काही लिहीत असे. ते कोण लिहिते आहे याचा तिला पत्ताही नसे. मनाचे धागे एकमेकांपासून सुटून काही धागे आपले आपण चालू लागतात, असे त्याने म्हटले. पुस्तकांत याला 'मनोविच्छेद' म्हणतात. आपण मनाची फारकत म्हणू. जानेच्या मते ही फारकत दुबळ्या मनाची खूण, आणि संमोहन ज्यांना लागते ते अशाच दुबळ्या मनाचे.

आमच्या फुईला दोन मिनिटांत 'हिस्टेरिया' ठरवणारे डॉक्टर शार्को नि जाने यांचीच परंपरा चालवीत होते, याची त्यांना कदाचित कल्पनाही नसेल.

हा तंटा नुसत्या वादाने मिटणारा नव्हता. दवाखान्यातले रोगी सोडून साध्या, चारचौघांसारख्या माणसांना मोजायला हवे होते. ते काम १९५७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाले. अर्नेस्ट हिल्गार्ड आणि आंद्रे वाइत्झेनहोफर या दोघांनी संमोहनाची एक मोजपट्टी बनवली. माणसाला ठरीव शब्दांत संमोहित करायचे आणि बारा गोष्टी सुचवायच्या. तुमचा हात जड होऊन खाली जातो आहे, तुमच्या भोवती माशी घोंगावते आहे, आता जागे झाल्यावर हे विसराल. बारापैकी जितक्या घडतील तितके गुण. असे आढळले की बहुतेक माणसे मधल्या पायऱ्यांवर असतात. अगदी वरच्या पायरीवर थोडी, अगदी खालच्या पायरीवरही थोडी. आणि हा गुण सहसा पालटत नाही. ज्या विद्यार्थ्यांना तरुणपणी मोजले होते त्यांतल्या पन्नास जणांना पंचवीस वर्षांनी पुन्हा मोजले, तेव्हा पहिल्या नि दुसऱ्या गुणांत चांगलाच मेळ दिसला. १९८९ साली ते निष्कर्ष छापून आले. फारिया म्हणत होता तेच खरे ठरले. गुण झोपणाऱ्याचा.

मनाच्या फारकतीची मोजपट्टी १९८६ साली आली. बर्नस्टाइन आणि पुटनम यांनी अठ्ठावीस प्रश्न काढले. कोणाचे बोलणे ऐकता ऐकता मधला भाग ऐकलाच नाही असे कितीदा होते? गाडी चालवीत आलो पण वाटेतले काही आठवत नाही, असे? आरशात पाहून आपण आपणच आहोत असे न वाटणे? वाचकहो, यांतले पहिले दोन अनुभव तुम्हा-आम्हा सगळ्यांचे आहेत. दूध उतू जाते तेव्हा चुलीपुढची बाई कुठे असते? शेवटचा प्रश्न मात्र क्वचित कोणाला लागू पडतो.

आता दोन्ही मोजपट्ट्या एकाच माणसाला लावल्या तर? जानेचे म्हणणे खरे असेल तर जो संमोहनात वर तो फारकतीतही वर असला पाहिजे. साध्या माणसांवर पुष्कळ पाहण्या झाल्या, आणि त्यांतून निघाले ते असे, की दोहोंतले नाते अगदी क्षीण आहे. संमोहनाच्या वरच्या पायरीवरची बहुतेक माणसे फारकतीच्या प्रश्नांना चारचौघांसारखीच उत्तरे देतात. नाते बळकट दिसते ते वेगळ्याच ठिकाणी. १९८८ साली डेव्हिड स्पीगेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिएतनामच्या युद्धाने मन हादरलेल्या सैनिकांना तपासले, तेव्हा त्यांची संमोहनसुलभता इतरांहून बरीच जास्त निघाली. म्हणजे भयंकर आघात झालेल्या मनांत दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. पण केवळ एखाद्याला तंद्री लागते म्हणून त्याचे मन भंगले आहे असे म्हणता येत नाही.

मग संमोहनाशी सामान्य माणसांत कशाचे नाते? थोडेसे तल्लीनतेचे. कीर्तनात बसले की भान हरपणे, गोष्ट वाचताना हाक ऐकू न येणे, सूर्यास्त पाहताना आपणच नाहीसे होणे, या वृत्तीची मोजणी १९७४ साली टेलेगेन आणि अ‍ॅटकिन्सन यांनी केली. तिचे संमोहनाशी काही नाते आढळले. पण १९८६ साली कौन्सिल, कर्श नि हाफनर यांनी दाखवले की त्यातही एक मेख आहे. तल्लीनतेचे प्रश्न संमोहनाच्याच बैठकीत विचारले तर नाते दिसते. वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी विचारले तर विरून जाते. माणसाला आपल्याकडून काय अपेक्षित आहे याचा सुगावा लागला की तो नकळत तसा वागतो. जर्दाळूच्या बागेतल्या मुलाची गोष्ट दोनशे वर्षांनी पुन्हा समोर आली! आमच्या फुईला डफाचा आवाज ऐकूनच वारे येई. पोळ्याला वाजणाऱ्या ढोलाने कधी आले नाही.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी हे सारे लिहायला घेतले. हिल्गार्ड एकदा वर्गात विद्यार्थ्यांना संमोहनाचे प्रात्यक्षिक दाखवीत होता. समोरचा विद्यार्थी आंधळा होता. त्याला संमोहित करून हिल्गार्डने सांगितले की तुला काही ऐकू येणार नाही. कानांजवळ मोठे आवाज केले, लोकांनी टोमणे मारले, तो ढिम्म. तेव्हा कोणीतरी शंका काढली, की याच्या आत कुठेतरी ऐकू येत नसेल कशावरून? हिल्गार्ड हलक्या आवाजात त्याला म्हणाला, तुझ्या मनाचा एखादा भाग माझे ऐकत असेल तर त्याने तर्जनी उचलावी. आणि बोट उचलले गेले. त्या विद्यार्थ्याला बोट हललेले कळले; का हलले ते कळेना. या आतल्या साक्षीला हिल्गार्डने 'छुपा निरीक्षक' म्हटले, आणि १९७७ च्या आपल्या ग्रंथात मनाच्या फारकतीचा नवा अर्थ लावला. ही फारकत दुबळेपणाची नव्हे, रोगाची नव्हे. सामान्य मनाच्या कामाचीच ती एक तऱ्हा आहे.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिलो. कारण ही साक्ष मी आधी ऐकली होती.

१९८९ च्या पावसाळ्यात फुई अंथरुणाला खिळली. मी रजा काढून देवळ्याला गेलो होतो. एका दुपारी तिच्या पायांना तेल चोळीत बसलो असता ती आपला डावा हात उजव्या हाताने कुरवाळीत एकाएकी म्हणाली, "तू काटा टोचा ते माले कयनं व्हतं रे. पन तवय तो हात मना नव्हता."

म्हणजे, काटा टोचलास ते मला कळले होते. पण तेव्हा तो हात माझा नव्हता. मी काय बोलणार! मी विचारले, "फुई, मग बोलली का नाहीस कधी?" ती म्हणाली, "कोनी विचारं का?"

शास्त्राच्या बाबतीत प्रामाणिक राहायचे तर एवढे सांगितले पाहिजे की हिल्गार्डच्या छुप्या निरीक्षकावर पुढे आक्षेप आले. निकोलस स्पॅनोसने दाखवले की प्रयोगकर्ता जसे सुचवील तसा तो निरीक्षक उत्तर देतो. वेदना कमी सांगायला सुचवले तर कमी सांगतो. वाद अजून मिटलेला नाही. फुईला कोणी काही सुचवले नव्हते हे खरे. पण पंचवीस वर्षांनी आठवलेले एका बाईचे एक वाक्य म्हणजे पुरावा नव्हे, हेही मला कळते. मी ते पुरावा म्हणून सांगत नाही. तेराव्या वर्षी मी पुरावाच गोळा करायला गेलो होतो, नि तिच्या हातातून रक्त काढून परत आलो होतो.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंगात दैवी शक्ती असल्याचे भासवून लोकांना भीती घालणाऱ्याला, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणाऱ्याला, मिरच्यांची धुरी देणाऱ्याला आता शिक्षा आहे. हे फार चांगले झाले. फुईच्या वेळी असता तर तिचे हाल वाचते. पण कायदा भगताला आवरील, आपल्या घरातल्या शेऱ्यांना कसा आवरणार? ज्या बाईला वर्षातले तीनशे साठ दिवस कोणी ऐकत नव्हते, तिच्या मनाने चैत्रातले चार दिवस स्वतःसाठी काढून घेतले, एवढे समजून घ्यायला ना देवी लागते ना डॉक्टर. आमच्या घरच्यांना ते उमगले नाही. मलाही पुष्कळ उशिरा उमगले.

फुई त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेली. गेल्या चैत्रात मी देवळ्याला होतो. आता रस्ता रुंद झाला आहे, यात्रेकरूंच्या मागून पाण्याच्या नि फराळाच्या गाड्या असतात, आणि डफाबरोबर भोंगेही वाजतात. सकाळच्या एका दिंडीतली मध्यम वयाची एक बाई आमच्या दाराशी येताच डोलू लागली. पोरे गोळा झाली, एकाने मोबाइल वर धरला. मी त्याचा हात खाली केला. घटकाभराने ती शांत झाली, ओट्यावर टेकली. मी तिला तांब्याभर पाणी दिले आणि विचारले, "बाई, बरं वाटतंय का? काय होतं तुम्हाला?"

तिने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले, पदराने तोंड पुसले, आणि सांगू लागली. दिंडी पुढे निघाली तरी तिचे सांगणे संपले नव्हते.